अंगवळणी

बोव्हेत्सच्या उतारावर डाव्या बुटाचा तळ सुटला
आणि आतून वर्तमानपत्र बाहेर आलं,
पिवळं, भिजलेलं,
अकरा वर्षांपूर्वीच्या हॉकीच्या निकालासकट.
आपलं गाव हरलं होतं.
ते मीच कोंबलं होतं, हेही विसरले होते.

बूट विंकोचे, त्रेचाळीस नंबर. माझा पाय अडतीस.
मोटरसायकलही त्याचीच. ग्राझला ट्राम चालवायला गेला
तेव्हा दोन्ही मागे टाकून गेला,
वर पान्यांचा एक गंजका डबा.

आता हे नवे. क्रान्यच्या दुकानातले, माझ्या मापाचे.
घोट्याला ढाल, बोटांवर जाड टोपी.
दुकानदार म्हणाला, पंधरा दिवस द्या,
पायाला बूट नाही, बुटाला पाय शिकवावा लागतो.
(सगळ्यांनाच म्हणत असणार.)

पहिल्याच सिग्नलला न्यूट्रल सापडेना.
हिरवा ठिपका लागे, विझे.
मागे दुधाची गाडी, तिचा भोंगा.
वरचा गिअर टाकायचा तर दांडीखाली पाय सरकायला हवा,
तो सरकेचना,
जिन्याच्या वळणावर अडकलेल्या कपाटासारखा.
जोर केला की हिसका,
कमी केला की कुठलाच नाही:
इंजिन किंचाळतं आणि गाडी आपली
परक्या लग्नात आल्यासारखी उभी.

मी क्रेनवाली. रोलिंग मिलमध्ये बारा टन लाल लोखंड
दोन बोटांनी उचलते
आणि अंड्यासारखं खाली ठेवते.
इथे वीतभर दांडी ऐकत नाही.

रात्री बूट घालूनच भांडी घासली.
मग स्टुलावर बसून टेबलाच्या आडव्या लाकडावर
वर, वर, खाली. वर, वर, खाली.
खालच्या मजल्यावरून तोंच्काचा झाडू, ठक ठक,
मग तोंच्का स्वतःच, गाऊनमध्ये.
बघत राहिली. म्हणाली,
आमचे हे असेच अकॉर्डियन शिकले. गुडघ्यावर. अकॉर्डियनशिवाय.
मग?
मग काही नाही. अकॉर्डियन कधी घेतलंच नाही.

शनिवारी दहा नंबरचा पाना काढला.
गिअरच्या सळीला दोन नट, त्यातला एक उलट्या आट्यांचा.
हे विसरून अर्धा तास मी त्याला सोडवते म्हणून आवळत होते.
(विंकोवरही एकदा असंच रागावले होते, दोन वर्षं.)
दांडी वर घेतली,
पेन्सिलीच्या जाडीइतकी.

रविवारी व्हर्शिच. या बाजूने चोवीस वळणं,
प्रत्येकाला नंबराची पाटी,
प्रत्येकाच्या पोटात दगडी फरसबंदी, दवाने गुळगुळीत.
पहिली चार वाया.
पाचव्यावर दोन सायकलवाले माझ्या पुढे गेले, चढावर,
त्यातला एक सत्तरीचा, आणि त्याने हात केला.
आठव्यावर मी शिवी दिली, बुटाला, मोठ्याने,
तिथे चरणारी एक मेंढी दचकली.

मग मला वाटतं तेरावं होतं. की चौदावं.
पाटी वाचायची राहिली.
टक्.
एवढंच. अंगठ्याच्या नखाखाली,
थंड, बारीक, नेमकं.

तेव्हा कळलं की अकरा वर्षं
मी रिकाम्या जागेने गिअर टाकत होते.
माझी बोटं संपायची तिथून पुढे नुसता कागद,
विंकोच्या अंगठ्याने पाडलेला खळगा,
आणि गिअर माझ्यापर्यंत यायचे
शेजारच्या खोलीतलं भांडण येतं तसे.

खिंडीत वारा फार. फोन लावला.
लागले का गिअर, पोलोन्त्सा?
लागले. थोडे.
जुने फेकून दे.
बघते, म्हटलं.
मागे त्याच्या ट्रामची घंटा.
ऐक, म्हणाला, कुणाला सांगू नकोस,
दर स्टॉपवरून निघताना माझा डावा पाय
अजून उचलतो.

पलीकडे उतरायला सव्वीस.
पायाला फोड आलाय, लहानसा,
माझ्या स्वतःच्या मापाचा.